हातोडीच्या आधी आठ दिवस

आमच्या घाटंजीच्या घरामागील कोठ्यात, कुटाराच्या ढिगाला टेकून, गेली पंचवीसेक वर्षे एक सायकल उभी होती. ती कोणाची, असे विचारण्याची आवश्यकता घरात कोणाला कधी भासली नाही, कारण ती बाबांची हे सर्वांस ठाऊक होते. आणि ती चालत का नाही, असे विचारण्याचे धाडसही कोणी केले नाही, कारण त्या प्रश्नाच्या पाठोपाठ ती दुरुस्त कोणी करायची हा दुसरा प्रश्न उभा राहणार, हेही सर्वांस ठाऊक होते. बाबा पटवारी होते. खसरे, पेरेपत्रके आणि पैसेवारीचे कागद यांचे दप्तर कॅरियरला बांधून साझ्यातील गावे ते याच गाडीवर हिंडत. पारव्याकडच्या रस्त्यावर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा घट्ट बसे की, माणसाने गाडीवर बसण्याऐवजी गाडीनेच माणसाच्या खांद्यावर बसण्याची पाळी येई. म्हणून तो उकरून काढण्यासाठी पऱ्हाटीची एक काडी त्यांच्या दप्तराच्या दोरीत कायमची खोचलेली असे. गेल्या वर्षी कोठ्याची डागडुजी निघाली तेव्हा कबाड्याने ती गाडी एका हाताने उचलून पाहिली, वीस किलोच्या आसपास भरेल असा अंदाज केला आणि लोखंडाचा भाव बोलून दाखविला. तो भाव फार कमी वाटला म्हणून मी नकार दिला, असे म्हणणे खोटे होईल. त्याने गाडी उचलली तेव्हा साखळीच्या चक्रावरचे उन्ह हलले आणि गंजाच्या पापुद्र्यांखाली त्या चक्रात कापलेली बगळ्यांची मुखे दिसली. रॅले कंपनीची ती खूण. लहानपणी मी त्या बगळ्यांवरून बोट फिरवीत असे.

गाडी अंगणात घेतली खरी. परंतु सीट खाली होईना, हँडल फिरेल पण वर येईना, पायडलाचा क्रँक आणि त्याचा अक्ष यांनी तर जन्माचे सख्य केल्याप्रमाणे एकमेकांस धरून ठेवलेले. सेवानिवृत्त माणसापाशी वेळ पुष्कळ असतो आणि सबुरी अगदी थोडी. क्रँकला अक्षाशी जखडणारी जी तिरकी खुंटी, जिला सायकलवाले कॉटर पिन म्हणतात, तिचा नट मी काढून बाजूला ठेवला आणि उघड्या पडलेल्या आट्यांवर हातोडीचे चार घाव घातले. पिन जागची हलली नाही. तिचे डोके मात्र पसरट झाले, आणि जी पिन आतापर्यंत केवळ गंजामुळे अडली होती ती आता माझ्या मूर्खपणामुळेही अडली. शेवटी वेल्डिंगच्या दुकानात नेऊन ड्रिलने ती कोरून काढावी लागली.

त्या संध्याकाळी बाजाराच्या रस्त्यावरील आमचे मिस्त्री, ज्यांचे नाव विचारावे असे इतक्या वर्षांत गावातील कोणाला सुचले नाही, गाडीजवळ येऊन उकिडवे बसले, त्यांनी सीटच्या दांडीवर नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, "गुरुजी, काहून मारता त्याले? तेल पाजा अन् आठ दिवस भुलून जा."

हा लेख त्या एका वाक्याच्या समर्थनार्थ आहे.

गंज म्हणजे लोखंडावर बाहेरून येऊन बसलेली धूळ नव्हे. पाणी आणि प्राणवायू यांच्या संगतीने लोखंडच जे दुसरे रूप धारण करते ते रूप म्हणजे गंज, आणि या रूपास मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. एका खोलीचा भाडेकरू म्हणून राहावयास आलेल्या गृहस्थाने आतल्या आत दोन खोल्यांचा पसारा मांडावा, तद्वत सीटची दांडी आणि तिच्याभोवतीची नळी यांच्यामधील केसाएवढ्या फटीत तो गंज फुगतो, दोहोंवर सारखाच दाब देतो आणि पाचरीसारखा बसतो. म्हणजे जाम झालेला भाग चिकटलेला नसून दाबलेला असतो; आणि दाबलेल्या वस्तूवर वरून आणखी घाव घातल्याने बहुधा ती वस्तूच वाकते, दाब तसाच राहतो. यावर उपाय एकच. त्या फटीत असे काही पोचविले पाहिजे, की जे गंजाच्या कणाकणांमध्ये शिरून त्यांचे एकमेकांवरील घर्षण कमी करील. निरांजनाच्या वातीतून तेल ज्या गुणामुळे वर चढते त्यास शाळेत आम्ही केशाकर्षण म्हणून शिकवीत होतो. त्याच गुणाने पातळ तेल अरुंद फटीत आपण होऊन शिरते, आणि फट जितकी अरुंद तितके ते अधिक ओढले जाते. परंतु त्यास वेळ लागतो. गाढे ग्रीस कितीही चोपडले तरी ते दाराशीच बसून राहते. आत जाण्याची त्याची योग्यता नाही.

मिस्त्रींचे तेल घरचेच असते. अर्धे रॉकेल, ज्यास आमच्याकडे मातीचे तेल म्हणतात, आणि अर्धे मोटारीचे जळके ऑईल. रॉकेल पातळ म्हणून आत शिरते, पण लवकर उडून जाते; जळके ऑईल जाड म्हणून टिकते, पण एकटे आत शिरत नाही; एकाने वाट दाखवावी आणि दुसऱ्याने मुक्काम करावा, असा हा संसार आहे. रेशनचे रॉकेल दुर्मिळ झाल्यापासून ते त्या जागी डिझेल वापरतात. परदेशांतील हौशी कारागीर याच तत्त्वावर अ‍ॅसिटोन आणि मोटारीच्या स्वयंचलित गिअरचे तेल यांचे समभाग मिश्रण करतात. ते फार वेगाने शिरते आणि फार वेगाने पेटतेही, म्हणून बंद खोलीत त्याच्या वाटेस जाऊ नये. आणि निळ्या-पिवळ्या डब्यातील तो फवारा, ज्याच्याविषयी तरुण मंडळींची भाविकता पाहून मौज वाटते, तो १९५३ साली अमेरिकेत सान डिएगो येथे तयार झाला तेव्हा त्याच्या नावातील दोन अक्षरांचा अर्थ पाणी हटविणे एवढाच होता, चाळिसाव्या प्रयत्नास यश आले म्हणून पुढे ४० हा आकडा, आणि त्याचे पहिले काम होते एका क्षेपणास्त्राच्या पत्र्यास गंजापासून राखण्याचे. त्या क्षेपणास्त्राचे नाव अ‍ॅटलस! आमच्या तालुक्यातील निम्म्या सायकलींवर एके काळी तेच नाव होते, हा केवळ योगायोग. पण डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटविण्यासाठी जन्मले, वर्षानुवर्षांचा जाम सोडविण्यासाठी नव्हे, हे ध्यानात ठेवले तर त्याच्यावरील पुष्कळसा राग आणि पुष्कळशी श्रद्धा दोन्ही कमी होतील.

तेल पाजणे म्हणजे नुसते ओतून मोकळे होणे नव्हे. गाडी उलटी करून, सीटच्या नळीत खालच्या बाजूनेही तेल पोचेल अशा बेताने, सकाळी थोडे व रात्री थोडे द्यावयाचे. आणि प्रत्येक वेळी दांडीवर चोहोबाजूंनी, लाकडी दांडक्याने, दार ठोठावणाऱ्या पाहुण्याइतक्याच जोराने, दहा-वीस टिचक्या मारावयाच्या. या टिचक्यांनी काहीच सुटत नाही. गंजाच्या थराला बारीक भेगा मात्र पडतात, आणि तेलास पुढची पायरी सापडते. चौथ्या दिवशी मी मिस्त्रींकडे तगादा लावला. ते म्हणाले, मुदत आठ दिवसांची होती, आज चारच झाले. आयुष्यभर दिवाणी न्यायालयांच्या तारखांविषयी तक्रार करणाऱ्या माणसास एका तेलाच्या थेंबाने तारीख द्यावी, आणि ती त्याने मुकाट्याने घ्यावी, हा प्रसंग माझ्यापुरता नवा होता. नवव्या दिवशी सीटच्या दांडीचे डोके वाइसमध्ये धरून आम्ही दोघांनी संपूर्ण सांगाडाच लांब तरफेप्रमाणे हळूहळू फिरविला. कुरकुर असा एक आवाज झाला, बारीक तांबडी भुकटी नळीच्या तोंडाशी आली, आणि दांडी बोटभर वर सरकली. त्या नळीत एक पऱ्हाटीच्या काडीचा तुकडा निघाला. तो तेथे कसा गेला, हे मला सांगता येणार नाही.

हँडलची गोष्ट निराळी, आणि तिच्यात पुष्कळ जण फसतात. हँडलच्या दांड्याच्या मध्यातून जो लांब बोल्ट खाली जातो, त्याच्या टोकाशी एक शंकूसारखा पाचर-नट असतो. बोल्ट आवळला की तो वर ओढला जाऊन दांड्याचा चिरलेला भाग फाकवितो आणि दांडा नळीत जखडतो. बोल्ट ढिला केला म्हणजे ही पाचर आपोआप सुटते, असे समजून लोक हँडल ओढीत बसतात, आणि गंजास नाही नाही त्या शिव्या देतात. वस्तुतः बोल्ट तीन-चार फेरे सैल करून, त्याच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून, वरून एकच नेमका ठोका द्यावयाचा असतो. पाचर खाली पडते आणि हँडल निम्म्याहून अधिक वेळा तेवढ्यानेच मोकळे होते. कॉटर पिनेचेही तेच. नट पूर्ण न काढता पिनेच्या टोकाशी सपाट होईल एवढाच ढिला करावा, म्हणजे घाव आट्यांवर न पडता नटावर पडतो. क्रँकखाली भक्कम आधार द्यावा, नाही तर तो घाव अक्षातून बेअरिंगच्या गोळ्यांवर आणि त्यांच्या वाटीवर जाऊन तेथे खळगे पाडतो. आणि मग एकच घाव, पण पुरता. आधार न देता घातलेल्या दहा घावांपेक्षा आधारावरचा एक घाव दयाळू असतो. दुसऱ्या बाजूची पिन अशी निघाली, शाबूत निघाली, आणि आज पुन्हा तीच बसविलेली आहे.

उष्णता हा शेवटचा उपाय. नट तापविला की तो किंचित प्रसरण पावतो आणि गंजाची पकड तुटते. गरम नटास मेणबत्ती टेकविली की वितळलेले मेण आट्यांत शोषले जाते आणि वंगणाचे काम करते. मात्र आधी पाजलेले तेल पुसून, वाळवून, मगच ज्योत जवळ न्यावी. हा नियम न पाळल्यामुळे भुवया गमावलेली एक व्यक्ती माझ्या परिचयाची आहे. आणि अलीकडच्या गाड्यांत लोखंडी नळीत अल्युमिनियमची दांडी असेल तर ज्योत मुळीच नको: दोन भिन्न धातू ओलाव्यात एकत्र आले की एक दुसऱ्यास खातो हे एक, आणि उष्णतेने अल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणजे तापविल्याने पकड अधिकच घट्ट होते, हे दुसरे. तेथे बर्फ लावावा.

आता कोणी म्हणेल की, हा सगळा खटाटोप कशासाठी. तुटला तर तुटला, नवा भाग आणावा. तो मिळत नाही, हेच तर दुखणे आहे. बहुतेक इंग्रजी धाटणीच्या सायकलींत पायडलच्या अक्षाच्या वाटीला एका इंचात २४ आटे असतात. रॅलेने आपले २६ ठेवले. दोन आट्यांचा हा फरक नखाला कळत नाही, पण दुकानातली वाटी तेथे बसत नाही म्हणजे नाही. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. असनसोलला सेन-रॅलेचा होता. मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलस बनू लागली. सोनपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस उभी राहिली आणि लुधियान्यास १९५६ मध्ये हीरो. यांपैकी वरळी आणि असनसोल केव्हाच इतिहासजमा झाले, आणि अ‍ॅटलसने साहिबाबादच्या कारखान्यातील उत्पादन थांबविले तो दिवस होता ३ जून २०२०, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिन. ज्या कारखान्याचे दार बंद झाले त्याचा सुटा भाग मिळण्याचे ठिकाण एकच उरते, आणि ते म्हणजे तुमच्या घरची गंजलेली सायकल. तीवर हातोडी चालविणारा माणूस स्वतःच्याच कोठाराला आग लावीत असतो.

दुरुस्तीस आपण हलके काम समजतो, हा माझा दुसरा आक्षेप. महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाची कुळकथा सांगताना आपण कारखान्यांच्या धुराड्यांपासून आरंभ करतो. वास्तविक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बंधूंसह १८८८ साली बेळगावात जे दुकान मांडले ते सायकलींचे होते, तेथे सायकली विकल्या जात, दुरुस्त होत आणि त्या चालविण्यास शिकविलेही जाई. लोखंडी नांगर नंतर आला, आणि किर्लोस्करवाडी तर १९१० ची. अडलेला नट सोडविताना जी नजर येते, कोठे जोर द्यावा आणि कोठे हात आखडता घ्यावा याचा जो विवेक येतो, तो पुढे मोठ्या यंत्रांपाशीही उपयोगी पडतो, असे मला वाटते. आमच्या मिस्त्रींच्या दुकानाच्या पाटीवर 'ओव्हरऑईलिंग करून मिळेल' असे लिहिलेले आहे. मूळ इंग्रजी शब्द निराळा आहे हे मी त्यांना एकदा शिक्षकी आवेशाने सांगितले होते. आता त्यांचाच शब्द अधिक अर्थपूर्ण वाटतो, आणि मी ती सूचना मागे घेतली आहे. या पाट्या कमी होत चालल्या आहेत. माझ्या नोकरीच्या काळात बाजाराच्या रस्त्यावर अशी चार दुकाने मी पाहिली. आज एक आहे, आणि त्या एकाचा मुलगा मोटारसायकली दुरुस्त करतो.

पुण्यात कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे जे संग्रहालय उभारले आहे त्याविषयी मला नितांत आदर आहे. तेथील चकचकीत गाड्या पाहून प्रत्येकास आपापल्या घरची गाडी आठवते. परंतु घाटंजीसारख्या गावाचा प्रश्न संग्रहालयाचा नाही. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली देण्यात येतात, आणि शासनाच्या ज्या थोड्या योजनांविषयी मनापासून चांगले बोलता येते त्यांपैकी ही एक आहे. सकाळी शाळेच्या वेळी खेड्यांकडून येणाऱ्या मुलींची रांग पाहिली की, ज्या रस्त्यावर बाबांच्या गाडीत चिखल अडत असे त्यावर आता काय चालले आहे, हे पाहून समाधान वाटते. पण याच सायकली तीन-चार पावसाळ्यांनंतर गोठ्याच्या भिंतीला टेकलेल्याही मी पाहतो. मुलगी वाढलेली असते आणि सीट वर होत नाही. एवढ्याच कारणासाठी गाडी उभी राहते. पहिल्या दिवशी सीटच्या दांडीला बोटभर ग्रीस लावले असते आणि दर वर्षी एकदा ती दांडी काढून पुन्हा बसविली असती, तर तिच्या धाकट्या बहिणीपर्यंत ती गाडी खात्रीने पोचली असती. साखळी रोज हलते म्हणून तिच्याकडे लक्ष जाते; सीट आणि हँडल वर्षानुवर्षे एकाच जागी असतात म्हणून जाम होतात. सायकल देण्यासाठी शासकीय शीर्ष आहे, ओंगणासाठी नाही.

ओंगण हा शब्द नव्या पिढीस ठाऊक नसेल. बंडीच्या आसाला जे वंगण घालीत ते ओंगण. कितीही घाई असली तरी ते घातल्याशिवाय बंडी गावाबाहेर काढीत नसत, आणि ज्याच्या बंडीचा आस रस्त्यात ओरडे त्याला पुढच्या गावचे लोक नावे ठेवीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे लोणी-हळदीने शेकणारा आमचा शेतकरी सायकलीस दसऱ्याला झेंडूची माळ घालतो आणि तेवढ्यावर तिची बोळवण करतो. माझी सूचना फार खर्चाची नाही. पंचायत समितीने, शाळांनी आणि तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने मिळून, पावसाळा उलटल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, एक दिवस ठरवावा. गावातील जे एक-दोन जुने मिस्त्री शिल्लक आहेत त्यांना मानधन देऊन सन्मानाने बोलवावे. आणि मुलींनी आपापल्या गाडीची सीट, हँडल आणि दोन्ही पायडले स्वतःच्या हाताने एकदा सोडून, पुसून, ग्रीस लावून परत बसवावीत. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, आणि ते सुटताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, एवढे एक ज्ञान जरी त्या दिवशी प्रत्येकीच्या पदरी पडले तरी शेकडो पायडले वाचतील. कारण सुटत नाही म्हणून जी पायडले लोक फोडतात त्यांतील कित्येक जाम झालेलीच नसतात, सोडवणारा ती आवळीत असतो.

आणि ज्यांच्या घरी बाबांची, आजोबांची गाडी उभी असेल त्यांनी ती कबाड्यास देण्यापूर्वी आठ दिवस थांबावे. आठ दिवसांत काही सुटले नाही तर आणखी आठ. त्यानंतरही न सुटल्यास कबाडी कोठे जात नाही; तो पुढच्या आठवड्यात पुन्हा येतोच.

माझ्या गाडीचे सर्व भाग सुटले असे नाही. पायडलच्या अक्षाची उजवीकडची वाटी, जिचे आटे डाव्या पायडलाप्रमाणेच उलटे असतात आणि जिला रॅलेचे ते २६ आटे आहेत, ती तीन आठवडे तेल पिऊनही तसूभर हलली नाही. मी आणखी मोठा पाना आणण्याच्या विचारात होतो. मिस्त्रींनी अंगठ्याने वाटीची आतली बाजू चाचपून पाहिली, खळगे नाहीत असे सांगितले, आणि तिला तशीच राहू देण्यास फर्माविले. ती जागच्या जागी रॉकेलने धुतली, नव्या गोळ्या घातल्या, ग्रीस भरले. गाडी आता वाघाडीच्या पुलापर्यंत जाऊन येते.